दाजींचं पावसाचं माप

दाजी,

तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले, आणि या सोळा दिवसांत तुमच्या मरणाचं कारण तीनदा बदललं. डॉक्टरांनी सांगितलं ते खरं: हृदय. सकाळचा चहा झाला, आक्का कप घेऊन आत गेली आणि बाहेर येईपर्यंत तुम्ही खुर्चीतच मान टाकली होती. पण तिसऱ्या दिवशी, राख सावडायला जमलेल्या लोकांना तुमचे थोरले चुलतभाऊ तात्या सांगत होते की लघवीचा आजार अंगावर काढला म्हणून गेला. दहाव्यापर्यंत त्याचं 'रोज नळी घालून घालून आतून सडलं' असं झालं. तेराव्याच्या आदल्या दिवशी तर मी एका बाईकडून ऐकलं की लातूरला कसलीशी तपासणी केली, तिथंच काहीतरी बिघडलं.

ती तपासणी होऊन तीन वर्षं झाली हो. आणि ती तीन वर्षं तुम्ही राजासारखे जगलात. हे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं मला. तिसऱ्या दिवशी मात्र मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. का काढला नाही, ते तुम्हाला माहीत होतं. तेच आज लिहितो.

आक्काच्या लग्नात मी शाळकरी पोर होतो आणि तुम्ही मला 'काय रे पोट्ट्या' म्हणायचात. मला नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली त्या दिवसापासून तुम्ही मला 'अहो मास्तर' म्हणू लागलात. मला वाटायचं हा मान आहे. पुढं कळलं की ही थट्टा आहे. दाजी आणि मेहुण्याची थट्टा आपल्याकडं कुणी मनावर घेत नाही, म्हणून तुम्ही मला आयुष्यभर खरं ते सांगत आलात आणि मी ते हसण्यावारी नेत आलो.

तुमची नोकरी महसुलातली. किनवट, हिमायतनगर, उमरी, जिथं बदली झाली तिथं तुम्ही गेलात. कुठंही गेलात तरी एक काम तुम्ही स्वतःकडं मागून घ्यायचात: पाऊस मोजायचं. सकाळी आठच्या ठोक्याला कचेरीच्या आवारात जायचं, पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, खालच्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि जिल्ह्याला कळवायचा. पाऊस नसला तर 'निरंक'. एकदा एका नव्या कारकुनानं आभाळ कोरडं बघून खुर्चीतूनच निरंक लिहिलं, तेव्हा तुम्ही त्याला हाताला धरून आवारात नेलंत. बाटलीत दोन मिलीमीटर पाणी होतं. पहाटे एक सर येऊन गेली होती आणि हे महाशय झोपले होते. गोष्ट कुठल्या तालुक्यातली ते तुम्ही कधीच सांगितलं नाही, पण त्याला म्हणालात ते वाक्य मला पन्नासदा ऐकवलंत.

"निरंक लिहायचं आसंल तरी जाऊन बघावं लागतं. बघितल्याबिगर लिहिलेलं निरंक म्हंजी खोटं."

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तुम्हाला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि कडेला टवका उडाला म्हणून रद्द झालेलं ते काचेचं माप गंमत म्हणून हातात ठेवलं. शाल तुम्ही आक्काला दिलीत. माप काचेच्या कपाटात, देवाच्या शेजारी ठेवलंत.

मग तुम्हाला तो त्रास सुरू झाला. लघवीला उभं राहिलं की वाट बघायची, धार बारीक, झाली म्हणून बाहेर यावं तर पुन्हा जावंसं वाटायचं. तुम्ही हे मला फोनवर जसं सांगितलंत तसं मी आजवर कुठल्या पुरुषाला सांगताना ऐकलं नाही. आपल्याकडची माणसं 'जरा पोटाचं आहे' म्हणतात आणि विषय बदलतात. मी सल्ला दिला, वय झालं की होतंच, सोनोग्राफी करा आणि डॉक्टर म्हणतील ते ऐका. सोनोग्राफीत प्रोस्टेटची गाठ वाढलेली निघाली. गोळ्या झाल्या. वर्षभरानं ऑपरेशनचा विषय निघाला आणि सगळं घर हो म्हणालं. तुम्ही एकटे अडून बसलात. गाठ मोठी आहे हे दिसलं, पण धार बारीक होते ती तिच्यामुळंच, हे कुणी मोजलं का, असं तुम्ही डॉक्टरांना विचारलंत. मी आक्काला म्हणालो होतो की कारकून माणूस, कागद पूर्ण झाल्याशिवाय सही करणार नाही. तुम्ही ते आतून ऐकलं होतं म्हणे. डॉक्टर मात्र हसले नाहीत. मोजता येतं म्हणाले, आणि लातूरच्या दवाखान्यात तपासणीला पाठवलं. त्याआधी तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली: किती वाजता गेलो, दरवेळी किती झाली.

इथं आपल्या दोघांच्या हातून जे घडलं ते आठवलं की अजूनही पोटात दुखेपर्यंत हसू येतं आणि मग रडू. तुम्ही ती नोंद कशात मोजावी? त्याच मापात. कागदावर सुंदर अक्षरात रकाने आखलेले: सकाळी सहा, साडेसात. सव्वाआठ, सहा. साडेनऊ, पाच. मी नांदेडहून तुमच्यासोबत तपासणीला थांबायला आलो होतो. तुम्ही कागद माझ्या हाती दिलात, मास्तर, तपासून घ्या म्हणालात. मी, विज्ञान शिकवण्यात ज्याचे केस पिकले तो माणूस, चष्मा लावून सगळे आकडे वाचले आणि बरोबर आहे म्हणून खाली सही करायची तेवढी बाकी ठेवली.

दवाखान्यातल्या तपासणी करणाऱ्या बाईंनी कागद बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. एका वेळेला साडेसात मिली? दिवसभरात सगळी मिळून शंभर मिलीसुद्धा नाही? त्या धावत आत गेल्या, डॉक्टर बाहेर आले, एक खाट मोकळी करायला सांगितली. तुम्ही शांतपणे बसला होतात. तेवढ्यात तुमच्या ध्यानात आलं आणि तुम्ही हात वर केलात.

"बाई, घाबरू नका. ते पावसाचं माप हाय. एका खान्याला वीस मिली धरा."

मिलीमीटरचे खाने होते ते. पाऊस मोजायला दोनशे चौरस सेंटीमीटरचं तोंड, त्यावर एक मिलीमीटर पाणी म्हणजे वीस मिली. हा गुणाकार मी नववीच्या पोरांना फळ्यावर करून दाखवलाय. तो मला सुचला नाही, तुम्हाला सुचला. डॉक्टर भिंतीला टेकून हसत होते. परतीच्या बसमध्ये तुमचं अहमदपूर येईपर्यंत तुम्ही मला 'विज्ञानाचे मास्तर' म्हणून हाका मारत होतात.

पण त्याआधीचं ते यंत्र. एका स्टँडवर नरसाळं, नरसाळ्याखाली भांडं, भांड्याखाली वजनकाटा, काट्याची तार कॉम्प्युटरला. माणसानं नरसाळ्यात लघवी करायची, धार किती जोरात आणि किती वेळ, त्याची रेघ पडद्यावर उमटते. ते बघून तुमचा चेहरा असा खुलला की बाई बघतच राहिल्या. "मास्तर, हे तं आपलंच यंत्र," म्हणालात. नरसाळं आणि खाली भांडं. तुम्हाला माहेरी आल्यासारखं झालं होतं.

यंत्र आपलं असलं तरी पाऊस मात्र येईना. बाई दाराबाहेर, मी त्यांच्या बाजूला, आणि तुम्ही आत उभे. दहा मिनिटांनी हात धुऊन बाहेर आलात. पाणी प्यालात, फेऱ्या मारल्यात, परत आत गेलात. परत तेच. तिसऱ्या वेळेला मला घाई झाली, नांदेडची बस चुकणार होती, म्हणून मी दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "पाऊस काय सायबाच्या हुकमानं पडतो व्हय?" त्या बाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. आणि त्या हसण्यानंच बहुतेक, पडद्यावर रेघ सुरू झाली. बुटकी, लांबट, मध्येमध्ये तुटणारी रेघ. मग सोनोग्राफीत दिसलं की एवढं करूनही जवळजवळ अर्धा लिटर आतच शिल्लक आहे. तुम्ही मनात भागाकार केलात. मग म्हणालात, पंचवीस मिलीमीटर तुंबून राहिलं आणि मी वर साडेसात लिहून राहिलो.

दुसरी तपासणी त्याहून अवघड. एक बारीक नळी पुढून मूत्राशयात, एक मागून गुदद्वारात, आणि मग मूत्राशय हळूहळू पाण्यानं भरत न्यायचं. कधी जावंसं वाटतं ते सांगायचं, खोकून दाखवायचं, आणि शेवटी त्या नळ्यांसकट, माणसं शेजारी उभी असताना, लघवी करायची. हे मी इतकं स्पष्ट लिहितोय कारण लोक न बोलता यालाच 'कसलीशी तपासणी' म्हणतात आणि मग त्या कसल्याशा शब्दात वाट्टेल ते भरतात. दाजी, तुम्ही बाहेर आलात तेव्हा कपाळाला घाम होता. दुखलं का, मी विचारलं. दुखलं कमी, अवघडलो जास्त, म्हणालात. एक दिवस जळजळ राहिली, भरपूर पाणी प्यालात, संपलं.

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवून समजावलं. दार अरुंद झालंय हे खरं, पण आतून ढकलणारा स्नायूच थकलाय. जोर लावायच्या वेळेला दाबाची रेघ वर चढायला हवी होती, ती जेमतेम हलली. नुसतं दार मोठं केलं तर पाणी जोरात येईलच अशी खात्री मी देत नाही, म्हणाले. ऑपरेशन हवंच असेल तर करू, पण हे माहीत असून करा. नाहीतर स्वतःच्या हातानं दिवसातून तीनचार वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिका आणि किडनीवर लक्ष ठेवू. घरातल्या सगळ्यांनी एका सुरात ऑपरेशन सांगितलं, मी धरून. तुम्ही नळी निवडलीत. मोजून कळलंय ते मानायचं न्हाई तर मोजलं कशाला, एवढंच बोललात.

मला तो हट्ट वाटला. तुमच्याशी भांडलोही, या वयात हे काय धंदे म्हणून. आज कबूल करतो की तुमचा निर्णय बरोबर होता की डॉक्टरी हिशेबात दुसराही चालला असता, हे मला आजही ठरवता येत नाही. पण तो तुमचा होता आणि डोळे उघडे ठेवून घेतलेला होता. त्यानंतर तुम्ही रात्रभर झोपू लागलात. बसनं किनवटला जाऊन जुन्या शिपायाच्या नातवाच्या बारशाला बसलात. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत नळ्या, साबण, छोटा टॉवेल. दर सहा महिन्यांनी किडनीची तपासणी, आणि दरवेळी मला फोन: मास्तर, किडनी पास झाली.

मग माझ्या मुलीचं लग्न आलं.

नांदेडचं मंगल कार्यालय, डिसेंबरची थंडी, व्याह्यांची पहिली पंगत उठत होती. तुम्ही सरळ आमच्या व्याह्यांपाशी गेलात आणि चारचौघांत विचारलंत, पावणे, इथं साफ बाथरूम कुठाय, मला नळी घालायची हाय. व्याही गोंधळले. गोंधळले म्हणून तुम्ही त्यांना समजावून सांगू लागलात, मूत्राशय, स्नायू, दाब, सगळं. बाजूला माझी विहीणबाई जिलेबीचं ताट घेऊन उभी. मी तुमचा दंड धरून बाजूला नेलं.

"दाजी, थोडी लाज ठेवा. माझ्या मुलीचं लग्न आहे."

बोललो मी. तुमच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, तुम्ही ज्याच्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतलीत तो मी. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणालात, "मास्तर, सकाळपासून तुम्ही सहादा जाऊन आलात. मी मोजलं. लाज कुणाला वाटून राहिली ते जरा बघून घ्या." मी थंडी आहे म्हणालो. तुम्ही पिशवी उचलून गेलात. पाठवणीच्या वेळी मुलीच्या डोक्यावर हात ठेवलात, माझ्याशी मात्र न बोलता बसमध्ये बसलात.

थंडी नव्हती, दाजी. चार वर्षं झाली होती. वर्गात तास संपायच्या आधी मी पोरांना गणित घालून पाच मिनिटं बाहेर जातो. लांबच्या बसला बसायच्या आधी चार तास पाणी पीत नाही. मंगल कार्यालयात मागच्या दाराजवळची खुर्ची मी उगाच पकडत नाही. बायकोला कळलंय, ती काही विचारत नाही, फक्त न्हाणीघराचा दिवा चालू ठेवते. तुमच्या तपासणीच्या दिवशी दारावर टकटक केली ना, ती बस चुकेल म्हणून नव्हती. आत सोडलेल्या नळाच्या आवाजानं मलाच थांबवत नव्हतं. इतकी वर्षं कुणीही विचारलं, तब्येत कशी, की मी खुर्चीत बसूनच निरंक लिहीत आलो.

दोन महिने आपण बोललो नाही. मग तुमचाच फोन आला, जणू काही झालंच नव्हतं. सोमवारची वेळ घेतली, मास्तर, तुमच्या नावानं, लातूरला या, मी दाराबाहेर थांबतो म्हणालात. मी बोर्डाच्या परीक्षेचं काम सांगितलं. खोटं होतं, माझी नेमणूकच नव्हती. तो सोमवार मी घरी पेपर वाचत काढला. तुम्ही मात्र भांडला नाहीत. बरं, परीक्षा संपल्यावर या, म्हणालात, पण नोंद सुरू करा, निरंक लिहू नका. तुमचा आवाज मी ऐकला तो तेवढा शेवटचा. नंतर पंधरा दिवसांनी भाचीचा, सुनंदाचा फोन आला.

आता तुम्हाला कळलं असेल की तिसऱ्या दिवशी तात्या बोलत असताना मी का गप्प राहिलो. तुमची बाजू घ्यायची तर मला त्या विषयाचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि ते नाव घेतलं की लोक माझ्याकडं बघतील, अशी मला भीती वाटली. मेलेल्या माणसाची बदनामी होऊ दिली मी, स्वतःची खुर्ची सुटू नये म्हणून.

बाराव्या दिवशी आक्कानं मला आत बोलावलं. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. यांनी लग्नाहून आल्यावर दुसऱ्या दिवशीच हे धुऊन तुझ्यासाठी बाजूला ठेवलं, म्हणाली, स्वतःसाठी प्लास्टिकचा मग आणला. मी टॉवेल सोडला. तेच माप, टवका उडालेलं. काचेवर पांढरी चिकटपट्टी, तुमच्या रेखीव कारकुनी अक्षरात: 'एका खान्याला वीस मिली. मास्तर, या वेळी गुणाकार करा.'

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. मी तुम्हाला लाज ठेवा म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी आक्कासमोर लहान पोरासारखा रडलो, आणि तिनं मला रडू दिलं.

तेराव्याला अहमदपूरला तुमच्या दारात मांडव भरला होता. कीर्तन झालं, दोन माणसं बोलली, मग तात्या उठले. माणूस चांगला, पण हट्टी, म्हणाले, ऑपरेशन केलं असतं तर आज आपल्यात असता, असल्या तपासण्यांच्या नादी लागू नये. माना डोलल्या. मग सूत्रसंचालकानं मास्तर म्हणून माझं नाव पुकारलं. मी उठलो तेव्हा माप माझ्या झोळीत होतं.

दाजी, मी शाळेत बोलतो तसंच बोललो. आधी सांगितलं की तुम्ही हृदयानं गेलात, लघवीनं नाही, आणि ज्याला शंका असेल त्यानं डॉक्टरांचा कागद बघावा. मग ते माप काढून सगळ्यांना दाखवलं आणि पावसाच्या नोंदीची सगळी गोष्ट सांगितली. मांडवात हसू फुटलं. तेराव्याच्या मांडवात हसू बरं नाही, पण मी थांबवलं नाही, ते तुमच्या नावचं होतं. प्रोस्टेट, मूत्राशय, नळी, एकही शब्द गाळला नाही. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या, उठून मात्र कुणी गेलं नाही. तुमच्यासारखी हिंमत या मांडवातल्या एकाही पुरुषात नाही, मी म्हणालो, माझ्यात तर नव्हतीच.

"हाच त्रास मला चार वर्षं आहे. मी लपवला. दाजींनी लपवला नाही, आणि मी त्यांनाच लाज ठेवा म्हणालो. आज सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो."

मी बोलत असताना तात्या मध्येच उठून निघून गेले. लोकांनी एकमेकांकडं बघितलं, अपमान झाला म्हणून गेले असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र त्या चालीची ओळख पटली. तसं कुणी रागावून चालत नाही. बराच वेळ लागला त्यांना. परत आले तेव्हा पाय ओले होते. पंगत बसली तसे माझ्या शेजारी येऊन बसले, पहिला घास घेतला. मग पानाकडं बघतच विचारलं, "ती तपासणी लई दुखती का रं?"

मी म्हणालो, दुखतं कमी, अवघडतं जास्त. तुमचंच उत्तर दिलं, दाजी. दुसरं माझ्याकडं अजून नाही.

हात धुवायच्या नळापाशी अजून दोघांनी गाठलं. एकानं 'एका मित्रासाठी' दवाखान्याचा पत्ता विचारला. दुसऱ्यानं मित्रही लावला नाही, सरळ विचारलं. सुनंदा मला म्हणाली, मामा, बाबांना हे बघायला मिळायला हवं होतं. हवंच होतं. त्याबद्दल माझा देवावर राग आहे आणि तो मी इतक्यात सोडणार नाही. तुम्ही तीन वर्षं एकटे बोलत राहिलात तेव्हा आम्ही तुमच्यापासून खुर्च्या लांब सरकवल्या, आणि तुम्ही गेल्यावर जवळ आलो. ज्यांना अजूनही तुमच्या नळीची लाज वाटते त्यांनी आता मला येऊन सांगावं. मी आहे इथं.

उद्या लातूरला जातोय. तुम्ही घेतलेली वेळ सुनंदानं पुढं ढकलून ठेवली होती. बसमध्ये कडेची नाही, खिडकीची जागा सांगितलीय, पाणीही प्यायचं ठरवलंय. लोहा, अहमदपूर, चाकूर, कुठंही थांबावं लागलं तर कंडक्टरला मोठ्यानं सांगेन. तात्याही तिथं भेटणार आहेत, दाराबाहेर थांबायला आलोय असं म्हणणार आहेत. मी त्यांना थांबू देईन. नंतर ते आत आणि मी बाहेर.

तीन दिवसांची नोंद झाली. रकाने आखले, तुमच्याइतके सरळ नाही आले. आज शेवटचा दिवस. माप हातात धरलं, डोळा पाण्याच्या पातळीला आणला, आणि तुम्ही शिकवल्यासारखं थांबलो, पाणी स्थिर होईपर्यंत.

नांदेड. सकाळी सहा. साडेपाच. गुणिले वीस, एकशे दहा.

जाऊन, बघून लिहिलंय, दाजी.